अडीच फेऱ्यांनी एकदा

शुक्रवारी चारच्या सुमारास राजनंदिनी सायकल ढकलत दुकानासमोर पुन्हा येऊन उभी राहिली, आणि रामहरी मिस्तरीने हातातला पाना खाली ठेवला. मंगळवारीच त्याने ती सायकल करून दिली होती. चेन डिझेलमध्ये धुतली होती, तेल सोडलं होतं, पोचा आलेलं चेनकव्हर ठोकून सरळ केलं होतं, मागचं चाक ओढून चेनीचा झोल काढला होता. लहान पोरांच्या सायकलीला याहून जास्त करायचं राहतं काय? तरी पोरगी परत आली होती, आणि ती काय म्हणणार हे तिच्या तोंडाकडे बघताच त्याला कळलं होतं.

"आबा, अजून वाजतंय."

हे त्याने ऐकलं नाही. तिच्या ओठांवरून वाचलं.

रामहरीला ऐकू येत नाही, ही गोष्ट उमापुरात कुणालाच ठाऊक नव्हती. बाजारतळाच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान पस्तीस वर्षं उभं होतं, आणि ते हातापेक्षा कानावर चाललं होतं. लहानपणी तो आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. सोळाव्या वर्षी माजलगावात टोळी सोडून तो गफूर उस्तादाच्या सायकल दुकानात राहिला. उस्ताद त्याला सायकलीकडे पाठ करून बसवायचा, मागे पायडल फिरवायचा आणि विचारायचा, "बोल, क्या बोल रही?" छर्रे वाजत असतील तर छर्रे म्हणायचं, पायडल वाजत असेल तर पायडल. चुकलं की टपली. "पैले कान लगाव, पाना बाद में," असं उस्ताद दिवसातून दहादा सांगायचा. दोन वर्षांत रामहरीचा कान असा तयार झाला की गिऱ्हाईक सायकलीवरून उतरायच्या आत तो खराबी सांगायचा. उमापुरात आल्यावर लोक शिलाईची मशीनं आणू लागले, पिठाच्या गिरणीवाला त्याला पट्ट्याचा आवाज ऐकवायला बोलावून नेऊ लागला. घरात काही बिघडलं की बाया म्हणायच्या, मिस्तरीला ऐकवा.

आणि दोन वर्षांपूर्वी त्यातलं एकेक जायला लागलं. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी. मग सायकलची घंटी. माणसांचं बोलणं यायचं, पण पाण्याखालून आल्यासारखं. रामहरी भिंतीला पाठ लावून बसू लागला, म्हणजे कुणी मागून बोलायला नको. स्वतःच जास्त बोलू लागला, म्हणजे समोरच्याला बोलायला जागा उरू नये. "कळलं, कळलं" म्हणायची सवय लागली. मोठी खराबी हाताला कळायची. गाडी पकडली, चाक फिरवलं, तर बोटांना थरथर लागायची. बारीक आवाज मात्र हाताला लागत नव्हते. डोळ्याला चष्मा लागला तर माणूस नाकावर मिरवतो. बहिऱ्याला लोक हसतात. टोळीत असताना एका बहिऱ्या म्हाताऱ्याला रामहरी स्वतः हसलेला होता. सांगायचं तरी कुणाला आणि कसं?

"कुठं वाजतंय?" त्याने विचारलं.

राजनंदिनी चौथीत होती. आईबाप कर्नाटकात ऊसतोडीला गेलेले. पोरगी आजीजवळ, कालव्यापलीकडच्या वस्तीवर राहायची. सायकल मामाने दिलेली, गुलाबी रंगाची, पुढे जाळीची टोपली असलेली. शाळेला यायला-जायला तीच. ती खाली वाकली आणि चेनीकडे बघत काहीतरी बोलू लागली. तोंड खाली असल्यामुळे रामहरीला एक शब्द मिळाला नाही. मग तिने हात वर करून दोन बोटं दाखवली आणि तिसरं अर्धं मुडपून धरलं.

"कळलं, कळलं," रामहरी म्हणाला. अडीच वाजता वगैरे काही म्हणत असेल.

त्याने मागचं चाक उचललं आणि हाताने पायडल फिरवलं. चेन पाण्यासारखी गेली. पुन्हा फिरवलं. डोकं तिरकं करून, डोळे बारीक करून तो ऐकल्यासारखं करत राहिला. हाताने फिरवताना चेनीवर जोर नसतो, हे त्याच्यासारख्या माणसाला सांगायला नको. खरी तपासणी करायची तर पोरीला सायकलवर बसवायचं, समोरच्या चढाला पायडल मारायला लावायचं आणि शेजारून पळत ऐकायचं. पूर्वी त्याने तेच केलं असतं. आज पळून ऐकायचं काय?

समोरच्या हॉटेलाचा मालक बजरंग बघत होता. बाकड्यावर चार-पाच जण चहा घेत बसले होते. बजरंग आवाज चढवून बोलायचा, म्हणून त्याचं बोलणं रामहरीला बरंचसं मिळायचं.

"काय मिस्तरी, पोरीची सायकल हरली काय तुमाला? दुसऱ्यांदा आली!"

बाकड्यावरचे हसले. रामहरीच्या कानशिलात रक्त चढलं. त्याने सायकल खाली टेकवली, पोरीच्या हातात हँडल दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आवाज सायकलीत न्हाई पोरी, तुझ्या कानात हाय. जा घरी."

हॉटेलात हशा पिकला. राजनंदिनीचा चेहरा लाल झाला. सायकल वळवून ती निघाली. वर बसली नाही, ढकलतच गेली.

रात्री रामहरी अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठला. बायकोने, सरस्वतीबाईंनी, दोनदा विचारलं, तर पित्त झालंय म्हणाला.

शनिवारी शाळा सकाळची. सात वाजता रामहरी दुकानाची फळी काढत होता. घर दुकानाच्या मागेच. सरस्वतीबाई चहा घेऊन आल्या, कप त्याच्या हातात दिला आणि रस्त्याकडे बघून म्हणाल्या, "अवो, ह्या छबुबाईच्या नातीची सायकल परवाच केली ना तुमी?"

"व्हय. का?"

"मग कावून वाजतीय एवढी?"

रामहरीने वर बघितलं. राजनंदिनी दुकानासमोरून चालली होती. दप्तर पाठीला, नजर सरळ, दुकानाकडे मान वळवायची नाही असं ठरवून. अंतर दहा हातांचं. गुलाबी सायकल त्याच्या डोळ्यांपुढून गेली, पायडलं फिरली, चेन फिरली, आणि त्याच्या कानात काही म्हणजे काहीच आलं नाही.

"कुठं वाजतीय?" त्याने विचारलं. त्याचा स्वतःचा आवाजही त्याला लांबचा वाटला.

"आता हे काय विचारता? कट्, कट् करत गेली की. थांबून थांबून. मला स्वयंपाकघरात ऐकू येतं."

तो फळी भिंतीला टेकवायला वळला. मग काही वेळाने खांद्यावर हात पडला. सरस्वतीबाई समोर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती.

"मी तीनदा हाक मारली तुमाला," त्या म्हणाल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करत. "मागं उभी राहून. तीनदा."

रामहरीने कप खाली ठेवला. चहा सांडला.

"कदीपासनं?"

"बघू मग," तो म्हणाला. "गिऱ्हाईक येतील आता."

सरस्वतीबाई आत गेल्या नाहीत, दाराशीच उभ्या राहिल्या. रामहरी बसला आणि डोक्यात कालची दुपार फिरू लागली. थांबून थांबून, असं ही म्हणाली. म्हणजे पायडलाच्या प्रत्येक फेरीला नाही. प्रत्येक फेरीला असतं तर पायडल, नाहीतर आसाची पिन. चाकाच्या फेरीला असतं तर चाक. थांबून थांबून म्हणजे किती थांबून? आणि त्याला ती बोटं आठवली. दोन, आणि एक मुडपलेलं.

अडीच वाजता नव्हे. अडीच फेऱ्या.

त्या मापाच्या सायकलीच्या पुढच्या चक्राला छत्तीस दाते असतात आणि चेनीला नव्वद कड्या. पायडल अडीच वेळा फिरलं की चेन एकदा पुरी फिरते. पोरीने मोजलं होतं. नऊ-दहा वर्षांच्या पोरीने शाळेच्या वाटेवर मोजून, नेमकं आणून त्याच्यापुढे ठेवलं होतं: आवाज चेनीच्या एकाच कडीत आहे. आणि धुवून, तेल घालून जी कडी अजून जोर पडला की कट् करते, ती नुसती आखडलेली नसते. तिची बाजूची पट्टी तडकलेली असते. ती तुटते. सपाटीला तुटत नाही, माणूस पायडलवर उभा राहतो तेव्हा तुटते. पायाखालचं पायडल एकदम मोकळं होतं आणि माणूस हँडलवरून तोंडावर जातो.

राजनंदिनी पायडलवर उभी कुठे राहत असेल, हे त्याला विचारावं लागलं नाही. वस्तीच्या वाटेवर चढण एकच होती. कालव्याच्या पुलाची. पूल जुना, अरुंद, गुडघ्याएवढे कठडे. खाली आवर्तन सुटलेलं, कालवा काठोकाठ. आणि हंगाम सुरू असल्यामुळे पुलावरून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या लावून.

सकाळी ती पूल ओलांडून आली होती. चेन टिकली होती. परत जाताना?

तेव्हाच शाळेत जायला हवं होतं. या गोष्टीसाठी रामहरीने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. पण शाळेत जायचं म्हणजे गुरुजींना सांगायचं, पोरीला वर्गातून बोलवायचं, काल हसलेल्या लोकांसमोरून सायकल परत आणायची. त्याने स्वतःची समजूत घातली की साडेदहाला शाळा सुटते, घरी जायला तिला दुकानासमोरूनच जावं लागतं, तेव्हा थांबवू. नवी चेन काढून ठेवली. पाने मांडले. रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर बसला.

साडेदहा झाले. पोरं दिसू लागली. निळे-पांढरे कपडे, घोळक्याने. तो एकेक चेहरा बघत राहिला. पावणेअकरा. गर्दी विरळ झाली. गुलाबी सायकल नाही. अकराला पाच कमी असताना तिच्या वर्गातली एक पोरगी, वर्षाराणी, एकटीच आली. रामहरी रस्त्यात जाऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"राजनंदिनी कुठंय?"

पोरगी दचकली. "गेली कवाच."

"इकडनं न्हाई गेली."

"ओढ्याच्या वाटेनं गेली. ती म्हणली, मिस्तरीच्या दुकानापुढून न्हाई जायची आता."

रामहरीने हे शब्द तिच्या ओठांवर एकेक करून वाचले. मग आपली जुनी सायकल ओढली आणि टांग टाकली. सरस्वतीबाई दारातून काहीतरी ओरडल्या असाव्यात. त्याने मागे बघितलं नाही.

साठीच्या माणसाने तसं सायकल हाणणं बरं नव्हे. गावाबाहेर पडेपर्यंत छाती भात्यासारखी झाली. दोन्ही अंगाला ऊस, मधे डांबरी रस्ता, समोरून वारा. ओढ्याची वाट रस्त्याला जिथे मिळते तिथे चिखलात सायकलीच्या चाकाचा बारीक, ताजा माग दिसला. त्याने मान वर केली. लांब, पुलाच्या चढणीच्या पायथ्याशी, गुलाबी ठिपका.

"राजनंदिनी!" तो ओरडला. "थांब! ए पोरी, थांब!"

ती थांबली. मागे वळून बघितलं. तिला कोण दिसलं? काल चारचौघांत आपलं हसं करणारा माणूस, हात वर करून ओरडत, अंगावर येणारा. तिने तोंड फिरवलं, आणि पळून जायचं म्हणून ती पायडलवर उभी राहिली.

आपणच तिला चढावर जोर लावायला लावलं. आता हाक मारली तर ती आणखी जोर लावणार. नाही मारली तर ती पुलावर जाणार. त्याने तोंड मिटलं, सायकल रस्त्याच्या कडेला फेकली आणि कालव्याच्या भरावावर चढायला लागला. रस्ता वळसा घेऊन पुलावर जात होता. भराव सरळ जात होता. बाभळीचे काटे धोतरात अडकले, हाताने माती धरत, गुडघे टेकत तो वर गेला. एकदा मान वळवून बघितलं. ती निम्म्या चढावर होती. सायकल डावी-उजवीकडे झोके घेत होती, प्रत्येक झोक्याला तिचं सगळं वजन एका पायडलवर. एक. दोन. अर्धी. तो नकळत मोजत होता. एक. दोन. अर्धी.

ती पुलावर चढली त्याच वेळी रामहरी भरावावरून पुलाच्या मधोमध आला आणि दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभा राहिला.

राजनंदिनीने ब्रेक दाबले. सायकल घसरत त्याच्यापासून वीसेक हातांवर थांबली. तिचे पाय जमिनीला टेकले. रामहरीचा श्वास सुटला. झालं, थांबली.

पण पोरीचा चेहरा काही वेगळाच झाला होता. डोळे फाटलेले, तोंड उघडं. ती ओरडत होती. मला भिऊन रडतेय, त्याला वाटलं. "न्हाई गं, काई करत न्हाई," असं म्हणत तो एक पाऊल पुढे गेला. तिने हँडल सोडलं. सायकल आडवी पडली. तिने हात उचलला आणि त्याच्याकडे नव्हे, त्याच्या मागे बोट दाखवलं. एकदा, दोनदा, अख्खा हात झटकत. आणि या खेपेला तिचे ओठ त्याला वाचता आले.

"आबा, मागं!"

तेवढ्यात तळपायांना कळलं. पूल थरथरत होता.

त्याने मागे बघितलं नाही. अंग कठड्याकडे टाकलं आणि दगडाला मिठी मारून खाली वाकला. काळी सावली त्याच्यावरून गेली. बाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांनी पाठीवर फरफरत ओरखडे काढले, सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला. एक ट्रॉली. दुसरी. समोर, एक हातावर, कालव्याचं गढूळ पाणी वेगाने चाललं होतं. मग उजेड आला.

ट्रॅक्टर पुलाच्या उतारावर जाऊन थांबला होता. ड्रायव्हर सीटवर उभा राहून हात हलवत शिव्या देत होता. त्या शिव्या रामहरीला ऐकू आल्या नाहीत. राजनंदिनी पलीकडच्या कठड्याला चिकटून उभी होती, आणि गुलाबी सायकल ट्रॉलीच्या चाकापासून वाचून तशीच आडवी पडलेली होती.

ती धावत त्याच्याजवळ आली. "हॉर्न वाजवत होता त्यो," ती म्हणाली. घाईत, पण त्याच्या तोंडासमोर. "किती वेळ वाजवत होता! तुमाला ऐकू आलं न्हाई?"

रामहरी खाली बसला.

"न्हाई," तो म्हणाला. "मला ऐकू येत न्हाई."

हे वाक्य त्याच्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडलं ते एका चौथीतल्या पोरीपुढे.

"कालबी न्हाई आलं?"

"कालबी न्हाई. मंगळवारीबी न्हाई."

"मग असं कावून म्हणलात माझ्या कानात हाय म्हणून?"

तो उठला, सायकल उचलून पुलाच्या कडेला, रस्त्यापासून लांब नेली. तिला मागचं चाक दाबून धरायला सांगितलं आणि पायडलवर हाताने जोर देत चेन एकेक कडी पुढे सरकवू लागला. फाटक्या सदऱ्याच्या टोकाने प्रत्येक कडी पुसायची, अंगठ्याने दाबायची, डोळ्यासमोर धरायची. मंगळवारी त्यानेच घातलेलं तेल सगळ्यावर काळं बसलं होतं. पन्नास-साठ कड्या गेल्या. मग "आता, आता वाजलं," असं म्हणत राजनंदिनीने त्याचं मनगट धरलं.

त्याने ती कडी पुसली. बाहेरच्या पट्टीवर, खिळ्याच्या भोकापासून कडेपर्यंत, केसाएवढी काळी रेघ होती. खिशातल्या पकडीने धरून त्याने थोडीशी पिळली. पट्टी मधोमध उघडली, आणि चेन सापासारखी सुटून त्याच्या हातात आली.

राजनंदिनी वाकून बघत होती. "ही तुटणार होती?"

"व्हय."

"आज?"

"आज न्हाई तर सोमवारी. तू उभं राहून पायडल मारलं असतं तवा."

तिने पुलाकडे बघितलं, मग खालच्या पाण्याकडे.

दोघं सायकल ढकलत वस्तीवर गेली. छबुबाई दारात काटक्या मोडत होत्या. फाटका सदरा आणि रक्ताळलेली पाठ बघून त्या ओरडत उठल्या. रामहरीने तुटलेली कडी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि आपलं काम चुकल्याचं सांगितलं. सगळं सांगितलं नाही. काल पोरीला काय बोललो, ते त्याच्या तोंडातून निघालं नाही. राजनंदिनीनेही सांगितलं नाही.

दुपारी तो तिला आणि सायकलीला घेऊन दुकानात आला. नवी चेन मोजून तोडली, बसवली. मग त्याने तिला सायकलवर बसवलं आणि बाजारतळाला फेऱ्या मारायला लावल्या. बजरंगच्या बाकड्यावर तीच माणसं होती.

"आवाज?" तो प्रत्येक फेरीला विचारायचा.

"कट् न्हाई आता," ती सांगायची. मग एका फेरीला म्हणाली, "पण खर्र खर्र होतंय. बारीक. डाव्या पायाच्या वेळी."

चेनकव्हर घासत होतं. त्याला ते ऐकू आलं नसतं, हाताला लागलं नसतं. त्याने कव्हर बोटभर बाहेर ओढलं. ती पुन्हा फिरून आली आणि मान हलवली. काही नाही.

बजरंग चहाचा ग्लास घेऊन दुकानाशी आला. "हे काय मिस्तरी, पोरीला इचारून काम चाललंय? तुमचे कान काय गहाण ठिवले?"

रामहरीने त्याच्याकडे नीट बघितलं. हात पुसले. "गेले ते," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. मला ऐकू येत न्हाई बजरंग. काल पोरगी खरं सांगत व्हती, अन् मी खोटं बोललो. तुमी हसलात, मीबी हसू दिलं."

बाकड्यावर कुणी हसलं नाही. बजरंग हातातला ग्लास रामहरीच्या स्टुलाजवळ ठेवून गेला.

पुढच्या आठवड्यात सरस्वतीबाईंनी त्याला बीडला नेलं. कान तपासले, महिन्याभराने मशीन मिळालं. ते लावलं तेव्हा पहिले दोन दिवस त्याला वेड लागायची पाळी आली. ताटावर ताट आपटल्यासारखं सगळंच मोठं. हळूहळू माणसांचं बोलणं सुधारलं. सायकलीचा आवाज येतो हे कळायचं, पण कुठून येतो ते मशीनला सांगता येत नव्हतं. गफूर उस्तादाने दिलेलं जे होतं ते परत आलं नाही, आणि तशी आशा त्याने ठेवली नाही. आता तो गिऱ्हाइकाला सायकलवर बसवायचा आणि विचारायचा: आवाज केव्हा येतो? चढाला की सपाटीला? किती फेऱ्यांनी? पुष्कळांना सांगता यायचं नाही. मग मोजून या म्हणायचा, आणि मोजून येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. काही लोक चिडून दुसरीकडे गेले. बरेच राहिले.

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या. एका शनिवारी सकाळी राजनंदिनीचा बाप, अभिमन्यू, दुकानात आला. ऊन खाऊन काळाठिक्कर पडलेला, हाताला कोयत्याचे घट्टे. तो सरळ वाकून रामहरीच्या पाया पडला.

"आईनं सांगितलं समदं. तुमी जिवावर उदार होऊन पुलावर गेलतात. आमी तिकडं लांब, काय झालं असतं तर—"

"थांब," रामहरी म्हणाला. "तुला अर्धंच म्हाईत हाय. बस."

आणि त्याने बाकीचं अर्धं सांगितलं. मंगळवारचं काम, शुक्रवारचा हशा, पोरीला बोललेलं वाक्य, शनिवारी सकाळी कळूनसुद्धा शाळेत न जाता स्टुलावर घालवलेले साडेतीन तास. पुलावर आधी पोरीने त्याला वाचवलं, हेही. काही गाळलं नाही. सांगताना तो अभिमन्यूच्या चेहऱ्याकडे बघत होता, कारण तसं बघितल्याशिवाय त्याला समोरच्याचं उत्तर कळायचं नाही. त्या चेहऱ्यावरून राग येऊन गेला, तोही त्याला बघावा लागला.

अभिमन्यू मग म्हणाला, "तिनं ह्यातलं काईच सांगितलं न्हाई. ती म्हणली, आबाला ऐकू येत न्हाई, मीच नीट सांगाया पायजे व्हतं."

रामहरीला ते लागलं. पाठीच्या ओरखड्यांपेक्षा जास्त लागलं.

"तिनं नीट सांगितलतं," तो म्हणाला. "बोटं दाखवून सांगितलतं. मी बघितलं न्हाई. तिला सांग तसं."

"मी कावून? तुमी सांगा," अभिमन्यू म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. "सुटंलच शाळा आता. इकडनंच येती ती."

दोघं रस्त्याकडे तोंड करून बसले. साडेदहाला पोरांचा घोळका आला आणि त्यातून गुलाबी सायकल सुटून दुकानासमोर थांबली. बाप तिथे बसलेला बघून राजनंदिनी चपापली.

रामहरी उठून तिच्यासमोर गेला. समोर बापाला आणि पलीकडे बजरंगच्या बाकड्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितलं, की त्या दिवशी तू सगळं बरोबर सांगितलं होतंस, चूक माझी होती, तुझी काडीचीही नव्हती.

तिने एक पाय पायडलवर ठेवला.

"म्हंजी आवाज सायकलीतच व्हता ना?"

"सायकलीतच व्हता."

"मी म्हणलंच व्हतं," राजनंदिनी म्हणाली, आणि पायडल मारून घराकडे निघून गेली.